आपटेंची हिंदी आणि दुबेजींचा जनरेटर

"लाइट कब आएगी?" हा प्रश्न मी जितक्या वेळा ऐकला, तितक्या वेळा स्वतःचं नावसुद्धा ऐकलं नसेल. भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये वीज तक्रार कक्ष होता, तिथे मी टेलिफोनवर बसायचे. निवृत्तीनंतर बाग सेवनियात घर केलं, तरी अजून वादळ सुटलं आणि घरातला फोन वाजला की माझ्या तोंडून आधी निघतं, "जी, आदमी निकल गया है." पलीकडून बहुतेक वेळा माझी बहीणच असते. ती म्हणते, "सुनंदा, कुठला आदमी आणि कुठे निकल गया?"

तक्रार कक्ष म्हणजे सबस्टेशनच्या भिंतीला लागून काढलेली एक खोली. एक टेबल, दोन फोन आणि भिंतीवर टाउनशिपचा नकाशा. लोकांची पक्की समजूत अशी की बटण माझ्या टेबलाखाली असतं आणि मी ते आकसाने दाबत नाही. खरा प्रकार साधा होता. वीज बाहेरून यायची, सबस्टेशनमध्ये तिचा जोर कमी केला जायचा आणि मग ती वेगवेगळ्या वाटांनी सेक्टरांमध्ये जायची. या वाटेला फीडर म्हणतात. आंधीत नीलगिरीची फांदी तारेवर पडली की ती वाट आपोआप बंद पडते. मग आमची माणसं तारेखालून हिंडत ती फांदी शोधणार, काढणार, सगळे तारेपासून लांब झाल्याची खात्री करणार आणि मगच बटण दाबलं जाणार. हे मी शांतपणे, मन लावून समजावायचे. समोरचा तितक्याच शांतपणे ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "वो सब तो ठीक है बहनजी, पर लाइट कब आएगी?"

गिऱ्हाइकंही एकेक नमुनेदार. एका अधिकाऱ्याच्या बायकोचा फोन लाइट आल्यावर यायचा. अंधारात छान झोप लागली होती, ती दिवा लागल्याने मोडली, अशी तिची तक्रार. एक गृहस्थ स्वतःच्या अंधाराबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. त्यांचं दुःख वेगळं, "हमारी गई तो गई, सामने वालों की क्यों जल रही है?" आणि एक म्हातारे हवालदार होते, ते लाइट मागायचेच नाहीत. छत्री घेऊन फिरून यायचे आणि फांदी कुठे पडली आहे ते मला सांगायचे. सबंध टाउनशिपमध्ये माझ्या कामाची कीव आलेला तो एकच माणूस.

माझं काम डोळ्यांचं नव्हतंच, कानांचं होतं. माणूस बोलत असताना मी त्याच्या मागचे आवाज ऐकायचे. अख्ख्या ब्लॉकची लाइट गेली म्हणून तो ओरडत असायचा आणि मागे शेजाऱ्याचा कूलर घरघरत असायचा. मग मी विचारायचे, "भाईसाहब, आपका फ्यूज देखा?" मग फोन आपटल्याचा आवाज. या कानांचा मला तेव्हा फार गर्व होता. पुढे जे सांगणार आहे त्यात याच कानांनी अर्धं काम चोख केलं आणि अर्धं साफ चुकवलं.

आमचे लाइन सुपरवायझर होते आपटे. सांगलीकडचे. नोकरीसाठी भोपाळला आले आणि इथेच राहिले, पण भाषा मात्र सांगलीतच ठेवून आले. त्यांची हिंदी म्हणजे मराठीच, शेवटी 'है' लावलेली. साहेब चिडलेले असले की आपटे सांगायचे, "साहब को बहुत राग आया है." मग कुणीतरी गंभीर चेहऱ्याने विचारायचं, "कौन सा राग, आपटेजी? भैरवी?" कुणी लाइनमनची थट्टा केली की आपटे मध्ये पडायचे, "गरीब आदमी की चेष्टा मत करो." हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. लाइनमन बिचारा गोंधळून बघत राहायचा. मी उज्जैनची. आमच्या घरात एक वाक्य मराठीत सुरू होऊन हिंदीत संपायचं, कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. त्यामुळे आपटेंना हसण्यात मी सगळ्यांच्या पुढे. ते रागावायचे नाहीत. म्हणायचे, "सुनंदाताई, तारेला कुठली भाषा कळते? मग झालं तर."

क्वार्टर दुमजली होते. तळमजल्यावर आपटे आणि त्यांच्या डोक्यावर दुबेजी. दुबेजी कारखान्याच्या टर्निंग शॉपमध्ये लेथवर होते. जबलपूरकडचे, आवाज खणखणीत, आणि आपटेंच्या हिंदीला न हसता तिचा अर्थ इतरांना सांगणारे टाउनशिपमधले ते एकटेच. त्यांची आई, अम्माजी, त्यांच्याजवळ असायची. हातपाय धड होते तोवर ही म्हातारी गॅलरीतून दोरीने टोपली आपटेंच्या अंगणात सोडायची. टोपलीत कधी गुजिया, कधी मठरी. आपटेवहिनी ती काढून घेऊन टोपलीत कढीपत्ता ठेवायच्या. अम्माजींना वहिनींचं मराठी कळायचं नाही, वहिनींना अम्माजींची बुंदेली कळायची नाही, आणि दोघी संध्याकाळी गॅलरी-अंगण अशा तासभर बोलत असायच्या. मी तिकडे गेले की मला हेवा वाटायचा.

मग अम्माजी अंथरुणाला खिळल्या. त्यांना अंगावर वारा लागायचा. पंखा थांबला की जीव घाबरा व्हायचा, श्वास वर चढायचा. त्यामुळे लाइट गेली की दुबेजींचा फोन माझ्याकडे सगळ्यांच्या आधी. इतरांना मी ठरलेलं उत्तर द्यायचे, दुबेजींना खरं सांगायचे.

त्याच सुमारास टाउनशिपमध्ये पेट्रोलचे छोटे जनरेटर येऊ लागले होते. आधी बंगल्यांत, मग हळूहळू क्वार्टरांत. लोक ते यंत्र नव्या सुनेसारखं जपायचे. पावसात भिजेल, चोर नेईल, धूळ बसेल, म्हणून कुणी ते व्हरांड्यात ठेवायचं, कुणी न्हाणीघरात, एकाने तर चक्क देवघराशेजारी ठेवलं होतं. आपटेंना हे बघून घाम फुटायचा. त्यांनी मला समजावलं होतं, "सुनंदाताई, त्याच्या धुरात जो विषारी वायू असतो ना, त्याला वास नाही, रंग नाही. डोळ्यांना झोंबतसुद्धा नाही. माणसाला नुसती पेंग येते. त्याला वाटतं, झोप लागते आहे." म्हणून फोनमध्ये इंजिनचा आवाज आला की मी विचारायचे, "मशीन कहाँ रखी है?" आवाजावरून मला ते कळायचंही. यंत्र उघड्यावर असलं की आवाज पसरट येतो. घरात असलं की भिंतींवर आपटून येतो, दणदणीत.

दुबेजींच्या थोरल्या मुलाने आजीसाठी असाच एक जनरेटर पाठवला. तो आला त्याच आठवड्यात आंधी आली.

मे महिन्यातली दुपार होती. आधी आकाश पिवळं पडलं, मग सगळीकडे धूळ, मग टपोरे थेंब आणि झाडं मोडल्याचे आवाज. दोन्ही फोन एकदमच खणखणू लागले. एकामागून एक फीडर बंद पडले. आपटे त्या दिवशी सुट्टीवर होते. मी त्यांच्या घरी निरोप दिला आणि ते तसेच गाडी काढून सबस्टेशनवर आले. येताच म्हणाले, "दुबेला सांगून आलोय जनरेटरचं. आता तिकडची काळजी नाही." आणि पावसात निघून गेले.

त्यानंतर बऱ्याच वेळाने दुबेजींचा फोन आला. "बहनजी, कितनी देर लगेगी?" त्यांच्या आवाजामागे इंजिन धडधडत होतं. दणदणीत.

"दुबेजी, मशीन घर में है क्या?"

"पीछे बरामदे में है. बारिश आ रही थी तो तिरपाल बाँध दिया. अभी लोड नहीं डाला है, खाली चल रही है."

"अम्माजी कहाँ हैं?"

"पीछे के ही कमरे में. आज तो पंखे के बिना ही सो गईं, बड़े आराम से."

तिरपाल म्हणजे ताडपत्री, म्हणजे व्हरांडा पुरता बंद. मी ओरडले, "मशीन बंद कीजिए! अम्माजी को बाहर निकालिए, अभी!" ते काहीतरी विचारत होते. मी पुन्हा ओरडले. मग फोन पडल्याचा आवाज आला, मग पावलांचा, मग इंजिन थांबलं. ती शांतता मला अजून ऐकू येते.

रस्त्यावर गुलमोहर आडवा पडला होता, त्यामुळे रुग्णवाहिका लांबून फिरून आली. दुबेजी आणि त्यांची बायको पुढच्या खोलीत होते, त्यांचं डोकं दुखण्यावर निभावलं. अम्माजी दवाखान्यात पोचल्या, पण पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत.

तेराव्यानंतर आपटे वरच्या मजल्यावर भेटायला गेले, तर दुबेजींनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. आपटे थेट माझ्याकडे तक्रार कक्षात आले. चेहरा पार उतरलेला. म्हणाले, "सुनंदाताई, तो म्हणतो माझ्यामुळे झालं. मी निघताना गाडीवरून त्याला ओरडून सांगितलं होतं, गॅलरीत उभा होता तो. खाली चालव म्हणून सांगितलं होतं. दोनदा सांगितलं." मी म्हटलं, "मग त्यांनी ऐकलं का नाही?" आपटे म्हणाले, "तेच मला कळत नाही."

काही दिवसांनी दुबेजी भेटले. लाल डोळ्यांनी म्हणाले, "बहनजी, आपटे ने खुद बोला था खाली चलाना. दो बार बोला. हमने वही किया. अब वो बदल रहा है. कहता है, मैंने ऊपर चलाने को कब कहा?"

टर्निंग शॉपमध्ये नव्या यंत्राला लगेच कामाला जुंपत नाहीत. त्याच्यावर भार न टाकता आधी चांगलं तासभर नुसतं फिरू देतात. याला तिथे खाली चलाना म्हणतात. आयुष्य लेथवर गेलेल्या माणसाला वाटलं, आपटे तेच सांगतायत. नवी मशीन आहे, आधी भार टाकू नका. आणि भार नाही म्हटल्यावर धोका तरी कसला?

हे आज मी किती सहज लिहिते आहे. तेव्हा कळलं नाही. आपटे माझ्याशी मराठीत बोलले, ते मी मराठीत ऐकलं. खाली म्हणजे तळमजल्यावर, यात न कळण्यासारखं काय होतं? दुबेजी हिंदीत बोलले, ते मी हिंदीत ऐकलं. खाली म्हणजे रिकामं, बिनभाराचं. तेही स्वच्छ कळलं. दोन्ही भाषा घरच्या असल्या की एकीतून दुसरीत जाताना उंबरा लागतच नाही. दोघांनी मला एकच शब्द सांगितला आणि मी दोन वेगवेगळ्या गोष्टी ऐकून घरी गेले. मला एवढंच वाटलं की दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय. कोण ते ठरवावं असंही वाटलं नाही. दोघंही मला जवळचे होते.

टाउनशिपने मात्र ठरवून टाकलं. गणेशोत्सवाला मराठी मंडळी म्हणाली, दुबेला स्वतःची चूक कबूल करायची नाही. टर्निंग शॉपमध्ये म्हणाले, आपटे नोकरीच्या भीतीने फिरला. दोघं एकाच जिन्याशेजारून जायचे-यायचे, पण एकमेकांकडे बघायचे नाहीत. दुबेजींनी गॅलरीच्या त्या बाजूला पत्रा ठोकून घेतला. आपटे वादळात पूर्वीसारखेच धावायचे, पण बोलणं फार कमी झालं. हिंदी बोलायची वेळ आली की मला म्हणायचे, "तुम्हीच सांगा त्यांना." कुणी त्यांच्या हिंदीला हसायचंही बंद झालं, कारण ती ऐकूच येईना. निवृत्त झाल्यावर ते सांगलीला परत गेले. निघताना वरच्या दाराकडे एकदा बघितलं, जिना चढले नाहीत. तिकडेच काही वर्षांनी वारले. दुबेजींनी नेहरू नगरात घर बांधलं.

मला कळलं ते माझ्या सुनेमुळे. माझी सून साताऱ्याची. लग्न होऊन भोपाळला आली तेव्हाची गोष्ट. मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "मृणाल, सिलिंडर खाली आहे गं, दुसरा लाव." ती जिना उतरून गेली. बराच वेळ येईना. मग अंगणातून ओरडली, "आई, खाली कुठे आहे? मला दिसत नाहीये!"

मुलगा हसून लोळायचा बाकी होता. मीही हसले. आणि हसता हसता मला एकदम आपटे आठवले, गाडीवरून मान वर करून ओरडणारे. मी तिथेच खुर्चीवर बसले. सून घाबरून पाणी घेऊन आली. तिला काय सांगू? माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती बिचारी मला म्हणत होती, "सॉरी आई, मला हिंदी शिकायला वेळ लागेल."

सांगलीला फोन लावला. आपटेवहिनींचा आवाज बारीक झाला होता. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, ते जाता जाता मला सांगून गेले होते, पत्र्याखालची सायकल काढून जागा कर, दुबे मशीन आणून ठेवेल. मी जागा करून ठेवली होती. आता आणतील, मग आणतील म्हणून वाट बघत बसले. वरून यंत्राचा आवाज यायला लागला तेव्हा वाटलं, आपल्या अंगणात ठेवायचा त्यांना संकोच वाटत असेल. पावसात वर जाऊन विचारावं असं मनात आलं होतं गं." मग म्हणाल्या, "हे शेवटपर्यंत एकच म्हणायचे. मी तर नीट सांगितलं होतं."

दुसऱ्याच दिवशी मी नेहरू नगरात गेले. दुबेजी आता काठी घेऊन चालतात. त्यांच्या सुनेने चहा आणला. आपटेंचं नाव काढताच त्यांनी मान दुसरीकडे वळवली. तरी मी सांगत गेले. मराठीत खाली म्हणजे नीचे. ते तुम्हाला नीचे चलाना म्हणत होते, आपल्या अंगणात. भाभींनी पत्र्याखालची सायकल काढून तुमच्या मशीनला जागा करून ठेवली होती.

दुबेजींनी दोन-तीनदा तो शब्द स्वतःशी पुटपुटून बघितला. खाली. खाली. तोंडात काही कडू आलंय का ते बघावं तसा. मग विचारलं, "अपने आँगन में?"

"हाँ."

"और मैं समझा, झूठ बोल रहा है." मला वाटलं ते आता रडतील, पण ते माझ्याकडे बघून हसल्यासारखं करत राहिले, आणि ते बघवेना. मी म्हटलं, "दुबेजी, ग़लती किसी की नहीं थी. उनकी हिंदी ही वैसी थी, कोई भी ग़लत समझता."

"कोई भी समझता," दुबेजी म्हणाले. "पर बहनजी, पूरी कॉलोनी में उसकी हिंदी एक मैं ही तो समझता था."